माझ्या पट्ट्यावरच्या फायली

गुरुवार, ३१ जुलै. सकाळी दहा वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी सुविधाने लाल बटण दाबले आणि माझा पट्टा थांबला. मये गावच्या कमलाक्षी माझ्यावर सहा मिनिटे चाळीस सेकंद चालल्या होत्या. थांबल्या तेव्हा त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि दोन्ही हातांनी त्यांनी माझा दांडा घट्ट धरला होता. त्या सहा मिनिटे चाळीस सेकंदांनी जे सांगितले, त्याची सूचना एका कागदावर आधीच छापलेली होती. तो कागद नऊ जूनपासून, म्हणजे बावन्न दिवस, याच खोलीत होता. नेमके सांगायचे तर त्यातले एकोणपन्नास दिवस माझ्याच पाठीवर होता.

मित्रांनो, मी एक जुनी ट्रेडमिल आहे. आरशासमोर गाणी लावून पळतात, ती नव्हे. मी डिचोलीतल्या एका लहान इस्पितळाच्या मागच्या खोलीत असते. माझ्यावर चालणाऱ्याच्या छातीला तारा लावतात, दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधतात, आणि दर तीन मिनिटांनी मी चढ वाढवते. शेजारच्या पडद्यावर हृदयाच्या रेघा उमटतात. मला सहसा राग येत नाही. यंत्राला तो शोभतही नाही. पण या बावन्न दिवसांचा मला राग आला आहे आणि तो का आला, हे मी क्रमाने सांगणार आहे.

माझी जोडणी पुण्याजवळच्या एका शेडमध्ये झाली. मोटर बसली, रूळ बसले, काळा पट्टा ताणला गेला. जोडणीवर गडहिंग्लजकडचा अशोक नावाचा कामगार होता. जेवणाच्या सुट्टीत त्याने चपला काढल्या आणि सर्वांत आधी तोच माझ्यावर चढला. चार मिनिटांत त्याला घाम फुटला. खाली उतरून तो सोबत्याला म्हणाला, "खुर्चीत बसून माणूस काय वाट्टेल ते सांगतंय. हिच्यावर चढ लागला की खरं बोलतंय." माझ्या कामाची याहून चांगली व्याख्या मी नंतर कोणत्याही डॉक्टरकडून ऐकली नाही.

२००९ च्या डिसेंबरात मी टेम्पोतून चोर्ला घाट उतरून डिचोलीला आले. नारळ फुटला, अबोलीची माळ पडली. तेव्हा खाणी जोरात होत्या. रस्त्यावर खनिजाच्या ट्रकांची रांग लागलेली असे आणि प्रत्येक चालकाला वर्षातून एकदा तंदुरुस्तीचा दाखला लागे. ते सगळे माझ्यावर चालून गेले. तांबड्या धुळीने भरलेले त्यांचे बूट बाहेर ठेवायला सांगत, तरी धूळ आत येईच. अजूनही माझ्या डाव्या रुळाच्या खाचेत ती आहे.

२०१० च्या मार्चमध्ये शिवदास नावाचा एक चालक माझ्यावर बारा मिनिटे चालला. उतरताना दम न लागल्याचे दाखवण्यासाठी तो शीळ घालत होता. पण रेघा खऱ्याच चांगल्या होत्या. त्याला शिक्का मिळाला. हे नाव लक्षात ठेवा. कमलाक्षी याच शिवदासची बायको.

त्या वर्षांत माझे कौतुक पुष्कळ झाले. छातीत दुखणारे दोन चालक वेळेवर सापडले. दसऱ्याला मला झेंडू मिळे. पण एक गोष्ट मला तेव्हापासून खटकत आली आहे. पहिल्या दहा वर्षांच्या नोंदवहीत दोन हजार एकशे चाळीस नावे आहेत. त्यात बायका शहाण्णव. बायकांना हृदय नसते, असे कोणी म्हटले नव्हते. साडी नेसून कशी चालणार, चप्पल घालून कशी चालणार, नवऱ्यासमोर कशी चालणार, एवढेच म्हणत. मग त्यांना खुर्चीवर बसवून प्रश्न विचारत आणि उत्तर बहुतेक वेळा शेजारचा माणूस देई.

खाणी बंद झाल्या, थोड्या सुरू झाल्या, पुन्हा थंडावल्या. चालक येईनासे झाले. माझी तंत्रज्ञ बाई फोंड्याला बदलून गेली आणि तिच्या जागी दीड वर्ष कोणी आले नाही. एक दिवस शिपाई बाबलीने माझ्यावर निळी चादर घातली. बाबली वाईट माणूस नाही. चादर त्याने धूळ बसू नये म्हणूनच घातली. पण झाकलेली सपाट जागा दिसली की तिच्यावर काहीतरी ठेवावेसे माणसाला वाटते. आधी औषधांचे रिकामे खोके आले. मग पावसात ओली झालेली छत्री माझ्या दांड्यावर टांगली जाऊ लागली. शेवटी फायली आल्या.

आता त्या फायलींविषयी. दर गुरुवारी म्हापशाहून हृदयाचे डॉक्टर देवेश येतात. ज्या रुग्णाला माझी तपासणी लिहून देत, त्याच्या फायलीवर लाल शाईने 'ट्रेडमिल झाल्यावर दाखवा' असे लिहिले जाई. म्हणजे तपासणी होईपर्यंत ती फाइल डॉक्टरांसमोर जायची नाही. तोवर ती ठेवायची कुठे? ट्रेडमिलच्या खोलीत. खोलीत कुठे? ट्रेडमिलवर. आणि ट्रेडमिलवर फायली असल्यामुळे तपासणी करता येत नव्हती. ही व्यवस्था कोणी ठरवली नव्हती. ती हळूहळू होत गेली आणि कोणालाच तिच्यात काही चूक दिसली नाही. मला दिसत होती. पण माझी वायर भिंतीपासून काढलेली होती.

कमलाक्षी पाच जूनला पहिल्यांदा आल्या. वय छप्पन्न. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी छाती तपासताना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना एक आवाज ऐकू आला होता. हृदयाची सोनोग्राफी झाली. हृदयातून अंगभर रक्त नेणाऱ्या मोठ्या नळीच्या तोंडाशी एक झडप असते. तिला तीन पाकळ्या असतात. काही माणसांना जन्मतः दोनच असतात आणि त्या लवकर कडक होतात. कमलाक्षींना दोनच होत्या. जिथून अंगठा सहज जावा, तिथून आता पेन्सिल कशीबशी जाईल एवढीच वाट राहिली होती.

मधला दरवाजा उघडा होता म्हणून पुढचे बोलणे मी ऐकले. डॉक्टर देवेश यांनी विचारले, "चालताना दम लागतो? छातीत दुखतं? चक्कर येते?"

शिवदास म्हणाला, "ना हो डॉक्टर. ती सगळें करता. रांदप, धुवप, भाटातलें, बागेतलें काम. कायच ना तिका."

"काकी, तुम्ही सांगा."

कमलाक्षी नवऱ्याकडे पाहून हसल्या असाव्यात, कारण उत्तरात हसू होते. "म्हाका काय जाता? मी बरी आसा."

इथे थोडे थांबून सांगते, कारण सगळे याच्यावरच अवलंबून आहे. झडप एवढी अरुंद असताना त्रास होत असेल तर शस्त्रक्रिया लवकर करावी लागते. त्रास खरोखरच नसेल तर लक्ष ठेवून थांबता येते. म्हणून त्रास आहे की नाही, हे नक्की कळावे लागते. त्याचे दोन मार्ग डॉक्टरांनी लिहिले. एक रक्ताची तपासणी. हृदयावर ताण पडला की ते रक्तात एक पदार्थ सोडते. त्याला बीएनपी म्हणतात. तो किती आहे त्यावरून ताणाचा अंदाज येतो. माणूस हसून खोटे बोलू शकतो, रक्ताला ते जमत नाही. दुसरा मार्ग मी.

रक्त त्याच दिवशी घेतले. नऊ जूनला कागद आला. त्या वयाच्या बाईला जेवढे चालते, त्याच्या चौपट आकडा होता. बाबलीने तो कागद फायलीत लावला. फायलीवर लाल शाई होती. फाइल माझ्यावर आली.

बारा जूनचा गुरुवार गेला. एकोणीसचा गेला. जुलैत शिवदासने फोन करून विचारले, तेव्हा समोरून सांगितले गेले, "मशीन चालू झाल्यावर कळवतो." त्याला ते पटले. कमलाक्षी बऱ्याच होत्या ना. मित्रांनो, मी बंद नव्हते. मला कोणी सुरू करून पाहिलेच नव्हते. माझ्यात एकही बिघाड नसताना सात आठवडे माझ्या नावावर खोटे सांगितले गेले, आणि त्या काळात एक बाई पेन्सिलीएवढ्या वाटेने अख्ख्या अंगाला रक्त पुरवत होती.

अठ्ठावीस जुलैला, सोमवारी, नवी तंत्रज्ञ रुजू झाली. सुविधा. पेडण्याहून दोन बस बदलून येते. तिने खोलीत शिरल्यावर आधी खिडकी उघडली, मग माझ्यावरची छत्री उचलली.

"बाबलीकाका, हे सगळं इथून काढायचं."

"काढून दवरू खंय? कपाट भरलां."

"ह्यो फायली कसल्या?"

"ट्रेडमिलच्यो."

"मग ट्रेडमिल कधी करणार?"

"फायली हालतकच," बाबली म्हणाला. म्हणजे फायली हलल्यावर. मग स्वतःचेच वाक्य कानात पडल्यासारखे त्याने फायलींकडे पाहिले. म्हणाला, "बाय, म्हाका कोणें सांगलेंच ना."

"मीही तुम्हाला काय म्हटलं नाही. धरा हे टोक."

दोघांनी चादर ओढली. सात फायली होत्या. सुविधा जमिनीवर बसून एकेक उघडत गेली. चौथीत तो कागद होता. तिने तो दोनदा वाचला, मग तारीख वाचली. मग म्हापशाला फोन लावला आणि आवाज न चढवता म्हणाली, "सर, नऊ जूनचा रिपोर्ट आहे. आज अठ्ठावीस जुलै." पलीकडून डॉक्टर देवेश यांनी कमलाक्षींना याच गुरुवारी बोलवायला सांगितले. डॉक्टरही यातून सुटत नाहीत. लाल शाईतले शब्द त्यांचेच होते.

सुविधाने मला पुसले, तेल दिले, वायर जोडली. पहिल्या दहा सेकंदांत मी करकरले, मग सुरळीत फिरले. एवढेच काम होते. त्याला एक दुपार लागली.

गुरुवारी कमलाक्षी आल्या त्या सुनेचे कॅनव्हासचे बूट घालून. पायात एक माप मोठे होते म्हणून पुढे कापूस कोंबला होता. साडी सुविधाने कमरेला घट्ट खोचून दिली. शिवदास दाराशी उभा राहिला आणि मला पाहताच ओळख पटल्यासारखा हसला.

"ही तीच गो. हिच्यार मी बारा मिनिटां चललां. शिक्को मारून दिल्लो."

"मग आता तुम्हीच चढा," कमलाक्षी खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाल्या. "मी कदेलीर बसून पळयता."

"तुका कसली चलपाची सवय? सुविधाबाय, ही चार पावलां चलली की गजालींक बसता. तळ्याकडल्यान घरा येवपाक वाट दहा मिनिटांची. हिका एक वर जाता. आधी शंभूच्या सोप्यार, मागीर बांयकडेन, मागीर देवळाच्या पायरेर. सगळ्या वाड्याच्यो खबरो घेवन घरा येता."

इथे तासाला वर म्हणतात, विहिरीला बांय, आणि दाराबाहेर बसायची जी बाके असतात त्यांना सोपा. संध्याकाळी त्यांवर बसून गप्पा मारणे हे मयेत कोणाला वेगळे वाटत नाही. शिवदास थट्टाच करत होता. पण डॉक्टर देवेश लिहिता लिहिता थांबले.

"कधीपासून?"

"कितें?"

"या तीन ठिकाणी बसणं कधीपासून?"

शिवदासने बायकोकडे पाहिले. कमलाक्षींनी बुटांकडे पाहिले.

डॉक्टर म्हणाले, "चला, सुरू करू. मी इथेच उभा आहे. काकी, काहीही वाटलं तर लगेच बोलायचं. इथे हुशारी दाखवायची नाही."

झडपेच्या रुग्णाला माझ्यावर चालवायचे तर डॉक्टर शेजारी लागतो आणि चाल हळू लागते. मी सपाट सुरू झाले. विसाव्याच्या वेळी त्यांचा वरचा रक्तदाब एकशे सव्वीस होता. तीन मिनिटांनी एकशे अडतीस झाला. हे ठीक होते. चालताना तो वाढायलाच हवा. मी पहिला चढ दिला.

चौथ्या मिनिटाला कमलाक्षी बोलू लागल्या. "सुविधा, तू पेडण्याची म्हणल्यार चोपड्याकडची काय गो? थंय आमचे एक सोयरे आसात... त्यांची चली..." बोलताना त्यांचे पाऊल मागे राहू लागले. मी हे ओळखले. शंभूच्या सोप्यापाशी त्या असेच करत असणार. बोलणे सुरू करायचे, मग बोलण्यासाठी थांबायचे, आणि छाती शांत होईपर्यंत कोणाच्या तरी मुलीचे लग्न ठरवत बसायचे. पण मी सोपा नाही. माझा पट्टा थांबत नाही.

"आहेत ओळखीचे," सुविधा म्हणाली. "चलत चलत सांगा काकी."

त्या सांगू शकल्या नाहीत. चालणे आणि बोलणे एकाच वेळी जमत नव्हते. वाक्य 'चली', म्हणजे मुलगी, या शब्दावर सुटले ते सुटलेच. सहाव्या मिनिटाला रक्तदाब एकशे तीस होता. चढ वाढला होता आणि रक्तदाब उतरला होता. सुविधाने डॉक्टरांकडे पाहिले. त्यांनी पुन्हा मोजायला सांगितले. एकशे आठ. कमलाक्षी म्हणाल्या, "म्हाका काळोख दिसता गो." लाल बटण. दहा अठ्ठेचाळीस.

त्यांना खाटेवर निजवले, पाय उंच केले. पाच मिनिटांत रंग परत आला. मग डॉक्टरांनी पाच जूनला विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला. "काकी, गेल्या वर्षी काय करत होता, जे यंदा करत नाही?"

कमलाक्षींनी छताकडे पाहत हळूहळू सांगितले. विहिरीचे पाणी आता सून आणते. कुळागरात, म्हणजे उतारावरच्या बागेत, सुपारी वेचायला वरच्या पायरीपर्यंत जाणे सोडले. गेल्या चवथीला गणपतीवर टांगायची फळांची माटोळी बांधताना फळे त्यांनी खालूनच हातात दिली, स्टुलावर चढल्या नाहीत. देवळात पालखीमागून फिरणे सोडले, पायरीवर बसून हात जोडले. "दम लागना म्हणून सांगलें तें फट न्हय. दम लागता तें काम मी करिनाच, मागीर लागतलो कसो?"

खोटे नव्हते. म्हणूनच ते पकडता येत नव्हते. वर्षभर ही बाई आपले जगणे चारी बाजूंनी थोडे थोडे आत ओढत आली होती आणि सारा वाडा म्हणत होता, कमलाक्षी गजालींची भारी.

शिवदास दारातून आत आला. खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला. तो म्हणाला, "म्हाका सांगूंक जायना?"

"तुमी खंय विचारलें? डॉक्टरान विचारलें, आनी तुमीच जाप दिली."

त्याने कापूस कोंबलेले ते बूट तिच्या पायांतून काढले आणि हातात धरून उभा राहिला.

डॉक्टरांनी सरळ सांगितले. झडप बदलावी लागेल आणि लवकर. तोपर्यंत चढ नाही, ओझे नाही. कमलाक्षी म्हणाल्या, "चवथ जातकच करूया." डॉक्टर म्हणाले, "चवथीची वाट मी पाहणार नाही. तारीख आधी मिळाली तर आधीच." त्यांनी तिथेच मोठ्या सरकारी इस्पितळाला चिठ्ठी लिहिली. या वेळी लाल शाई वापरली नाही. चिठ्ठी सुविधाने स्वतः नेऊन दिली. तिथे शस्त्रक्रियेची रांग आहे. त्या रांगेत कमलाक्षींना तेरावा क्रमांक मिळाला. जूनमध्ये चिठ्ठी गेली असती तर कितवा मिळाला असता, हे मला सांगता येत नाही. पण तो तेरावा नसता, एवढे नक्की.

मित्रांनो, माझी विनंती दोन गोष्टींची आहे. पहिली माझ्यासाठी. ज्या यंत्राचे काम माणसाचे खरे बाहेर काढण्याचे, त्याला टेबल करू नका. तुमच्या शाळेत, पंचायतीत, आरोग्य केंद्रात चादर घातलेले काही दिसले तर विचारा की खाली काय आहे आणि ते शेवटचे कधी चालवले. 'बंद आहे' असे उत्तर मिळाले तर विचारा, कोणी सुरू करून पाहिले का? हे विचारताना लाजू नका. लाज विचारणाऱ्याची नसते.

दुसरी तुमच्या घरासाठी. तुमच्या आईला किंवा काकीला 'बरी आहेस ना' असे विचारू नका. त्याचे उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे. तिच्याबरोबर एकदा चढावरून घरी या. ती कुठे थांबते ते पाहा. मागच्या वर्षी कुठे थांबत होती ते आठवा. आणि डॉक्टरांनी तिला विचारले तर तुम्ही उत्तर देऊ नका.

बाकीच्या सहा फायलींपैकी चार जणांची तपासणी माझ्यावर झाली. तिघे ठीक आहेत, एकाला औषध बदलून दिले. पाचव्याने बाहेर तपासणी करून घेतली होती. सहावी फाइल बेळगावकडच्या शेवंता नावाच्या बांधकाम मजूर बाईची आहे. तिच्या फायलीतला फोन लागत नाही. साइटवर विचारले तर ती माणसे काम संपवून गेली, एवढेच कळले. सुविधा रोज साडेनऊला तो नंबर एकदा लावते.

आज सोमवार, ११ ऑगस्ट. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी बाबली एक नवी फाइल घेऊन खोलीत आला. सवयीने त्याचा हात माझ्याकडे वळला, मग थांबला. त्याने फाइल खुर्चीवर ठेवली. शिवदास बाहेर बाकावर बसला आहे. शुक्रवारीही आला होता. घरी फोन आहे, तरी तो येऊन बसतो. मोठ्या इस्पितळातून शेवटचे कळले ते असे: कमलाक्षींचा क्रमांक आता नववा आहे. तारीख अजून आलेली नाही.